वॉर संपल्यावरचा हिशेब

रात्री साडेअकराला वॉर संपतं आणि पाच मिनिटांत क्लॅनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो. तीन नावांपुढे ०/२, त्यांभोवती लाल गोल आणि खाली एकच ओळ : "हे कोण महाशय?" मग हसणाऱ्या इमोजींची रांग. त्या तिघांपैकी एकाला ऐनवेळी नाइट शिफ्ट लागलेली असते, एकाकडे संध्याकाळपासून लाइट नसते आणि एक खरोखरच झोपलेला असतो. सकाळपर्यंत पहिले दोघं ग्रुप सोडून गेलेले असतात. झोपलेला मात्र राहतो, कारण त्याला कशाचंच काही वाटत नाही.

हिशेब ठेवूच नये असं कुणी म्हणणार नाही. पन्नास जणांच्या क्लॅनमध्ये कोण खेळतंय आणि कोण नुसतं नाव लावून बसलंय, हे लीडरला कळायलाच हवं. भांडणं होतात त्याची कारणं दोन. काय मोजलं जाणार हे आधी कुणाला सांगितलेलं नसतं आणि मोजून झाल्यावर ते चारचौघांत भिरकावलं जातं. नियम आधी, मोजणी नंतर आणि जे सापडेल ते ज्याचं त्याला एकट्याला, एवढा क्रम पाळला तरी क्लॅन बराच काळ टिकतो. तो पाळायचा कसा, हे इथे क्लॅश ऑफ क्लॅन्सच्या उदाहरणाने सांगतो. गडकोटांची आणि मावळ्यांची नावं घेतलेले क्लॅन त्यात ढिगाने आहेत आणि बहुतेकांची भांडणं एकाच साच्यातली असतात.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने तो २०१२ मध्ये आणला; क्लॅन वॉर २०१४ मध्ये आलं. एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० सभासद. वॉरमध्ये दोन्ही बाजूंना सारखेच खेळाडू आणि प्रत्येकाला दोन अटॅक. समोरचा बेस निम्मा पाडला की एक स्टार, टाउन हॉल पाडला की एक, सगळा बेस साफ केला की तिसरा. ज्यांचे स्टार जास्त ते जिंकले. स्टार सारखे झाले तर टक्के बघतात.

मोजायची सुरुवात स्टारपासून करू नका. आधी एवढंच बघा की अटॅक वापरला की नाही. तीन स्टार मिळणं हे बेसवर, सैन्यावर, त्या दिवशीच्या नेटवर आणि थोडं नशिबावर असतं. अटॅक वापरणं मात्र बरंचसं खेळणाऱ्याच्या हातात असतं. न वापरलेल्या अटॅकने क्लॅनचं जेवढं नुकसान होतं तेवढं एका स्टारच्या अटॅकने होत नाही, आणि तरी ग्रुपवर शिव्या बसतात त्या एक स्टारवाल्याला. तो बिचारा निदान आला तरी होता.

यातही एक फरक नोंदीत दिसला पाहिजे. 'वापरला', 'कळवून राहिला' आणि 'न कळवता राहिला' अशा तीन खुणा ठेवा. "आज जमणार नाही" असा एका ओळीचा मेसेज वॉर संपायच्या चार तास आधी टाकणारा सभासद क्लॅनला अडचणीत आणत नाही. त्याचा बेस दुसरा कुणी तरी घेतो. प्रोफाइलमध्ये वॉरसाठी तयार आहे की नाही हे दाखवायची हिरवी-लाल खूण असते. ती वेळच्या वेळी लाल करणं हा क्लॅनमधला पहिला शिष्टाचार. परीक्षा आहे, लग्न आहे, गावाला चाललोय, तर लाल करा आणि निवांत राहा. आणि लीडरने लाल असलेल्याला परस्पर वॉरमध्ये ओढलं, तर त्याच्या ०/२ चा जाब लीडरनेच द्यायचा.

वेळेचंही तसंच. शनिवारी रात्री नऊला वॉरचा शोध लावला तर सुमारे एक दिवस तयारीत जातो, लढाई रविवारी रात्री उघडते आणि सोमवारी रात्री मिटते. म्हणजे शेवटचे निर्णायक तास सोमवारच्या ऑफिसात किंवा ट्रेनमध्ये. क्लॅनमध्ये दुबईचे आणि न्यू जर्सीचे लोक असतील तर आपल्याकडचे रात्रीचे नऊ म्हणजे दुबईत साडेसात आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा किंवा उन्हाळ्यात साडेअकरा. कुणाचे अटॅक सतत राहतायत हे बघण्याआधी वॉर कुणाच्या सोयीने लागतंय ते बघा. अर्धी नावं तिथेच पुसली जातात.

आता स्टार. इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळ्यात जास्त अन्याय या रकान्यात होतो. समजा, आपल्या एकाने समोरच्या पाच नंबरच्या बेसवर पहिला अटॅक केला आणि त्याला ५४ टक्के व एक स्टार मिळाला. ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. पण त्याच्या रिप्लेमध्ये सगळ्यांना दिसलं की लपवलेले टेस्ला टाउन हॉलच्या मागच्या बाजूला आहेत, जायंट बॉम्ब डावीकडून आत शिरायच्या वाटेवर आहेत आणि क्लॅन कॅसलमधून काय बाहेर पडतं. तासाभराने दुसऱ्याने उजवीकडून शिरून तोच बेस तीन स्टारने साफ केला. कौतुक सगळं त्याचं. आता आकडे बघा. यादीत पहिल्याचा एक, दुसऱ्याचे तीन. क्लॅनच्या खात्यात मात्र दुसऱ्याने घातलेले नवे स्टार दोनच, कारण एक आधीच जमा होता. आणि ते दोनही पहिल्याच्या रिप्लेच्या जोरावर आले. सलामीचा फलंदाज नव्या चेंडूची चकाकी घालवून २० धावांवर बाद झाला, म्हणून आपण त्याला पाचव्या क्रमांकाच्या फलंदाजाशेजारी ठेवून मोजत नाही.

म्हणून शीटमध्ये 'फ्रेश' आणि 'क्लीनअप' हे दोन प्रकार वेगळे लिहा. आधी कुणी हात न लावलेल्या बेसवरचा अटॅक तो फ्रेश, एकाने मारून ठेवलेल्यावरचा तो क्लीनअप. दोन्हींची सरासरी वेगवेगळी काढा. असं केलं की एक गंमत दिसते : ज्याला सगळे क्लॅनचा हुकमी एक्का समजत होते त्याचे निम्मे तीन स्टार क्लीनअपचे असतात, आणि ज्याला कुणी विचारत नव्हतं तो दर वॉरला आपल्यापेक्षा मोठ्या टाउन हॉलवर फ्रेश जाऊन दोन-दोन स्टार काढत असतो.

एवढ्यासाठी सहा रकाने पुरतात : नाव, आपला टाउन हॉल, समोरचा टाउन हॉल, फ्रेश की क्लीनअप, नवे स्टार, टक्के. अटॅक वापरल्याच्या तीन खुणा नावाच्याच रकान्यात रंगाने दाखवता येतात. याहून मोठी शीट करायचा मोह होईल, सेकंद मोजावेसे वाटतील, सैन्याची नावं लिहावीशी वाटतील. करू नका. पंचवीस रकान्यांची शीट भरणारा माणूस दोन महिन्यांत कंटाळतो, मग शीट बंद पडते आणि पुन्हा कुणाच्या तरी तोंडाला येईल तो आकडा खरा ठरतो.

नोंद नवं वॉर लागायच्या आत करून टाका. क्लॅनच्या वॉर लॉगमध्ये निकाल राहतो. कुणी कुणावर कसा अटॅक केला हा तपशील पुढे हाताशी राहील याची खात्री धरू नका. हाताने भरायचा कंटाळा असेल तर डिस्कॉर्डवर चालणारे बॉट आहेत. सुपरसेलने अधिकृतपणे खुल्या केलेल्या एपीआयमधून ते आकडे उचलतात. बॉट बसवला तरी फ्रेश-क्लीनअपचा निवाडा आणि 'कळवून राहिला' ही खूण माणसानेच घालायची. बॉटला शून्य दिसतं. शून्यामागची नाइट शिफ्ट त्याला दिसत नाही.

सरासरीवरून निवाडा करायची घाई नको. पाच वॉरमध्ये दहा अटॅक झाले आणि २२ स्टार आले तर सरासरी २.२. त्यातला एक तीन स्टारचा अटॅक नेट गेल्यामुळे शून्यावर गेला असता तर तीच सरासरी १.९ झाली असती. माणूस तोच, हात तोच. निदान दहा अटॅक होईपर्यंत कुणाचा दर्जा ठरवू नका. नव्या सभासदाला पहिल्या दोन वॉरमध्ये तर हिशेबाबाहेरच ठेवा.

डोनेशनच्या, म्हणजे क्लॅनमधल्या इतरांना दिलेल्या सैन्याच्या, आकड्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो आकडा मला फारसा विश्वासाचा वाटत नाही. 'महिन्याला अमुक इतकं डोनेशन, नाही तर किक' असा नियम अनेक क्लॅन करतात. मग लोक काय करतात? कुणी अटॅकसाठी नेमकं सैन्य मागितलेलं असतं आणि विनंती न वाचता कुणी तरी त्यात आर्चर ओतून मोकळा होतो. आकडा वाढला, मागणाऱ्याचा अटॅक बिघडला. विनंतीत जे लिहिलंय तेच द्यायचं, नसेल तर हात लावायचा नाही, हा नियम आकड्याच्या नियमापेक्षा जास्त कामाचा आहे.

आकड्यामागे धावून खेळ बिघडतो हे सगळ्या गेममध्ये दिसतं. बीजीएमआय या शूटिंग गेमच्या स्क्वॉडमध्ये फिनिश, म्हणजे मारलेले शत्रू, मोजायचे म्हटले की चौघांतला एक जण खाली पडलेल्या साथीदाराला रिव्हाइव्ह करायचं सोडून समोरच्याच्या मागे पळतो. चौथ्या मिनिटाला चौघंही लॉबीत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या रेडमध्ये डॅमेज मीटर असतात आणि वॉरक्राफ्ट लॉग्ज नावाच्या साइटवर प्रत्येकाच्या कामगिरीला करड्यापासून सोनेरीपर्यंत रंग मिळतो. रंग जपण्यासाठी पायाखाली आग लागली तरी बॉसला मारत उभा राहणारा खेळाडू त्या जगात नवा नाही. त्याला वाचवताना हीलरचा दम जातो आणि तो दम डॅमेज मीटरवर दिसत नाही. फायनल फँटसी चौदाने दुसरी वाट धरली : तिथे असली बाहेरची साधनं नियमबाह्य आहेत आणि दुसऱ्याचा आकडा चॅटमध्ये फेकून त्याला हिणवलं तर कारवाई ओढवून घ्याल. ओव्हरवॉचमध्ये २०१६ पासून पूर्ण स्कोअरबोर्ड नव्हता, फक्त ज्याची त्याला पदकं दिसायची. मग हरल्यावर "माझं डॅमेजचं सुवर्णपदक आहे, चूक तुमची" असं जो तो म्हणायचा. २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आलं तेव्हा पदकं काढून स्कोअरबोर्ड दिला. आता भांडण स्कोअरबोर्डवरून होतं. कंपन्यांनी काहीही दाखवलं किंवा लपवलं तरी गटाने आपला आकडा आपण निवडावा लागतो. बीजीएमआयच्या स्क्वॉडला मी म्हणेन, फिनिश सोडा, पडलेल्यांपैकी किती जणांना उचललं आणि चौघं एकत्र किती वेळ टिकलात ते आठवडाभर लिहून बघा.

आता सांगायचं कसं. लाल गोलाचा स्क्रीनशॉट बंद, हे पहिलं. ग्रुपवर टाकायचं ते चांगलं : आजचा सगळ्यात अवघड फ्रेश अटॅक कुणाचा, उपयोगी रिप्ले कुणाचा. उणं असेल ते खासगीत, आणि प्रश्नाच्या रूपात. "दादा, कालच्या वॉरमध्ये दोन्ही अटॅक राहिले. सगळं ठीक ना? पुढच्या वॉरला घेऊ, की या आठवड्यात लाल ठेवताय?" अशा मेसेजला उत्तर येतं. "अटॅक का नाही मारले?" याला बहाणा येतो, नाही तर काहीच येत नाही. मेसेज रात्री वॉर संपल्या-संपल्या पाठवू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवा. हरल्यावरच्या पहिल्या तासात लीडरने फोन बाजूला ठेवलेला बरा.

वयाचं भान ठेवा. एकाच क्लॅनमध्ये नववीतला पोरगा आणि दोन मुलांचा बाप असतो, आणि दोघंही एकमेकांना 'भावा' म्हणत असतात. पोरगा कुठे चुकला तर त्याला बेस दाखवून, सैन्य बदलायला सांगून समजवा. "नूब" म्हणून हाकलणं सोपं असतं, पण वर्षभराने तोच क्लॅनचा सगळ्यात चांगला अटॅकर होणार असतो. मुलांचे तास ठरलेले असतात हेही लक्षात घ्या. बीजीएमआयमध्ये तर १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा गेमनेच घातली आहे. रात्री अकराचा सराव ठेवून "हा येत नाही" अशी तक्रार त्याच्याबद्दल करता येत नाही.

व्हॉइस चॅट असलेल्या गेममध्ये मुलगी माइकवर बोलली की निम्म्या लॉबीचा आवाज बदलतो. कुणी थट्टा करतं, कुणी उगाच शिकवायला लागतं, कुणी नंबर मागतं. यावर एकच उपाय चालतो : लीडरने त्याच क्षणी, त्याच माइकवर थांबवायचं. नंतर खासगीत समज देऊन भागत नाही, कारण इतरांनी ऐकलं ते फक्त थट्टेचं वाक्य असतं. उणं खासगीत सांगायचं, हा वरचा नियम खेळातल्या चुकांसाठी आहे. हे प्रकरण वेगळं. एरवी माइकवर सतत बोलणं सगळ्यांनीच टाळावं. एपेक्स लेजंड्सने २०१९ मध्ये पिंगची, म्हणजे खूण करून दाखवायची, पद्धत इतकी चांगली करून दाखवली की तोंड न उघडता पूर्ण मॅच खेळता येते. तुमच्या गेममध्ये पिंग असेल तर शत्रू, लूट, जाण्याची दिशा त्यानेच दाखवा.

नंबरावरून आठवलं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. ओळखीच्या दहा जणांत ते चालतं, पण अनोळखी पन्नास जणांत, त्यात शाळकरी मुलं असताना, डिस्कॉर्ड बरं. दुसरी सवय अकाउंट मागायची. "भावा, वेळ नसेल तर अकाउंट दे, मी तुझे अटॅक मारतो." प्रेमाने म्हटलेलं असतं, तरी नाही म्हणा. अकाउंट दुसऱ्याच्या हाती देणं सुपरसेलच्या नियमांत बसत नाही, आणि उद्या अकाउंट गेलं तर आपणच ते दिलं होतं हे कंपनीला सांगायची सोय राहत नाही. एक फरक मात्र ओळखा. क्लॅनचा बॉट तुमचं प्रोफाइल पडताळायला गेमच्या सेटिंग्जमधला एपीआय टोकन मागतो. तो पडताळणीपुरता असतो. सुपरसेल आयडीसाठी ईमेलवर येणारा कोड मात्र लीडरनेही मागितला तरी द्यायचा नाही.

सगळ्यात कडू भांडण होतं ते क्लॅन वॉर लीगच्या बोनसवरून. लीगमध्ये आठ क्लॅनचा गट असतो, सात दिवस रोज एक वॉर आणि प्रत्येकाला दिवसाला एकच अटॅक. शेवटी काही मोजक्या जणांना जादा मेडल वाटायचा अधिकार लीडर आणि को-लीडरकडे असतो. नावं जाहीर होतात आणि "को-लीडरच्या भावालाच कसं मिळालं?" सुरू होतं. कधी कधी प्रश्न रास्तही असतो. लीग लागायच्या आधी, महिन्याच्या पहिल्या तारखेपूर्वी, निकष लिहून टाका. माझी पसंती अशी : आधी सातही अटॅक वापरलेले, त्यांत आपल्या बरोबरीच्या किंवा मोठ्या टाउन हॉलवर मिळालेले स्टार, तिथेही बरोबरी झाली तर मागच्या महिन्यात ज्याला मिळालं नाही तो. लीडर आणि को-लीडरांना शेवटच्या ओळीत ठेवा. निकष चुकीचा वाटला तर पुढच्या महिन्यासाठी बदला, चालू लीगमध्ये नको, मग तो बदल कितीही न्याय्य असो.

सभासदांच्या बाजूनेही दोन गोष्टी. दुसऱ्याने 'माझा' म्हणून सांगितलेला बेस विचारल्याशिवाय मारू नका. मात्र शेवटचे तीन तास उरले की कुठलाही बेस कुणाचा राखीव नाही, हा नियम क्लॅनने करून ठेवावा. आणि आपला अटॅक फसला तर रिप्ले लपवून बसू नका. "इथे चुकलो, डावीकडून जाऊ नका" एवढं लिहिलं की एक स्टारचा अटॅकही पुढच्याच्या उपयोगी पडतो.

किक मारायची वेळ येतेच. एक आठवण खासगीत, दुसरी पुढच्या वॉरनंतर, तिसऱ्या वेळी क्लॅनबाहेर, ही पायरी सगळ्यांना ठाऊक असू द्या आणि को-लीडरचा मित्र असला तरी तीच लावा. किक करताना कारण लिहायची जागा असते. ती रिकामी सोडू नका, तिथे शिवीही नको. "तीन वॉर अटॅक राहिले. वेळ मिळेल तेव्हा परत या" एवढं पुरे. वॉर चालू असताना कुणाला काढू नका, त्याचे उरलेले अटॅक त्याच्याबरोबर जातात. म्हणूनच स्वतः सोडून जाणाऱ्यानेही आधी अटॅक संपवावेत, मग निरोप घ्यावा. लीडर जात असेल तर शीटचा ताबा आणि बॉटची व्यवस्था आधी को-लीडरच्या हाती द्यावी, मग त्याला लीडर करावं. आणि नव्या लीडरला शीट मिळाली की त्याने जुने लाल रंग पुसून सगळ्यांची पाटी कोरी करून सुरुवात करावी, मागच्या लीडरचे वाद त्याचे नाहीत.